बिस्मार्क नक्की कुणी बुडवली

लग्न होऊन मी अमेरिकेत आले तेव्हा माझ्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. नवरा सकाळी ऑफिसला जायचा आणि बॉस्टनजवळच्या श्रूजबरीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये मी, एक सोफा आणि एक कॉम्प्युटर एवढेच उरायचो. मला ड्राइव्ह करता येत नव्हतं, बाहेर बर्फ पडलेला, आणि दोन माणसांचा स्वयंपाक करून करून किती करणार? म्हणून एक दिवस मी नवऱ्याचा लाडका गेम उघडून बसले.

तो दुसऱ्या महायुद्धातला, समुद्रावरचा गेम होता. मालवाहू जहाजांचा तांडा अटलांटिक ओलांडून इंग्लंडकडे चाललेला असायचा. त्याच्या राखणीला आपल्या चार विनाशिका, आणि पाण्याखाली कुठेतरी जर्मन पाणबुड्या. चार जणांनी इंटरनेटवरून एकत्र खेळायचं, प्रत्येकाच्या हातात एक विनाशिका. हेडफोन लावले की एकमेकांशी बोलताही यायचं. एकट्याने शौर्य गाजवायला गेलं की हमखास तांडा बुडायचा. सगळ्यांनी मिळून पहारा दिला तरच माल पोचायचा.

नवऱ्याला आठवड्याभरात संशय आला.

"माझ्या जहाजाला हात लावलास का तू?"

"धूळ पुसली फक्त."

"धूळ पुसून कोणाचं प्रमोशन होते का बे? कॅप्टन झालो ना मी!"

नवरा नागपूरचा. चिडला किंवा खूश झाला की पुण्यात शिकलेलं सगळं पुसलं जायचं आणि 'बे' बाहेर यायचा. त्या दिवशी दोन्ही झालं होतं. पुढच्या शनिवारी त्याने माझ्यासाठी एक जुना कॉम्प्युटर आणला आणि तो डायनिंग टेबलावर बसवला. तेव्हापासून आम्ही सोफ्यावर जेवायला लागलो.

तिसरा खेळाडू म्हणजे नवऱ्याचा ऑफिसातला मित्र. हा दादरचा, आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायचा. स्वभावाने अतिशय गोड, पण त्याला डावं-उजवं कळायचं नाही. "डावीकडे घे" म्हटलं की तो मिनिटभर विचार करून विचारायचा, "आपली डावी की जहाजाची?" तोवर त्याची विनाशिका आमच्यापैकी कुणाच्या तरी पोटात घुसलेली असायची. जर्मन पाणबुड्यांनी जितकं नुकसान केलं नसेल तितकं त्याने केलं.

चौथी जागा रिकामी होती. ती भरली भांडणामुळे.

गेमची एक वेबसाइट होती, तिथे खेळणारे लोक युद्धाच्या इतिहासावर वाद घालायचे. त्यातला सगळ्यात जुना वाद बिस्मार्कचा. बिस्मार्क ही जर्मनीची अवाढव्य युद्धनौका. एका विमानातून सुटलेल्या पाणतीराने, म्हणजे टॉर्पेडोने, तिचं सुकाणू अडकलं आणि ती जागच्या जागी गोल फिरायला लागली. मग इंग्लंडच्या युद्धनौकांनी तिला गाठून भाजून काढलं, आणि ती बुडाली. आता ती इंग्लंडच्या माऱ्याने बुडाली, की शत्रूच्या हाती पडू नये म्हणून जर्मनांनीच तळाला स्फोट करून बुडवली, यावर जगभरातली शहाणी माणसं एकमेकांची अक्कल काढत होती.

माझा नवरा कट्टर 'जर्मनांनीच बुडवली' पक्षाचा. का, ते मला अजून कळलेलं नाही. त्याचा कट्टर विरोधक एक इंग्रज म्हातारा होता. म्हणजे तो इंग्रज आणि म्हातारा असणार हे आम्हीच ठरवलं होतं, कारण त्याची प्रत्येक पोस्ट 'माय डिअर फेलो' पासून सुरू व्हायची आणि त्यात एवढे अर्धविराम असायचे की वाचताना धाप लागायची. आम्ही त्याला 'साहेब' म्हणायचो. नवरा ऑफिसमधून आला की बूट काढायच्या आधी विचारायचा, "साहेबाने काय लिहिलं?"

माझी पंचाईत अशी की मला साहेबाचं म्हणणं पटायचं. सुकाणू मोडलं, तोफा बंद पाडल्या, आग लावली, इतकं सगळं इंग्लंडने केल्यावर शेवटी तळाला भोक कुणी पाडलं याला काय महत्त्व? मी तसं एकदा त्या वेबसाइटवर लिहिलंसुद्धा. नवऱ्याने ते ऑफिसातून वाचलं आणि फोन केला.

"तू माझी बायको आहेस ना?"

"बायको आहे. जर्मन आरमार नाही."

माझी पोस्ट वाचून साहेब भलताच खूश झाला. चौथा खेळाडू हवा असेल तर मी येतो, असं त्याने लिहिलं. शत्रूला जवळून बघायला मिळेल म्हणून नवरा कबूल झाला.

साहेबाकडे हेडफोन नव्हता, त्यामुळे सुरुवातीला तो टाइप करायचा. तेही पूर्ण वाक्यात. 'माय डिअर फेलो, तुमच्या डाव्या बाजूने पाणतीर येत आहे असे मला वाटते' हे स्क्रीनवर उमटेपर्यंत नवऱ्याचं जहाज फुटून, बुडून, वर तेलाचा तवंग आलेला असायचा. शेवटी नवऱ्यानेच त्याला हेडफोन घ्यायची गळ घातली.

पुढच्या रविवारी दुपारी साहेब पहिल्यांदा बोलणार होता. पाहुणा म्हणून आम्ही तिघांनी इंग्रजीत बोलायचं ठरवलं. साहेब बोलला, अगदी हळू आणि तोलूनमापून. मला तो उच्चार जरा ओळखीचा वाटला. हेडफोनवर हात ठेवून मी नवऱ्याला म्हटलं, "हा इंग्रज वाटत नाही रे." तो म्हणाला, "स्कॉटलंडचा असेल."

तांडा निघाला. बराच वेळ शांतता होती. मग एकदम दोन पाणबुड्या सापडल्या आणि धावपळ उडाली. मी एकीच्या मागे लागले, साहेब दुसरीच्या. साहेबाने तिला बरोबर कोंडीत पकडलं होतं. तेवढ्यात दादरचा मित्र आडवा आला, थेट साहेबाच्या नाकासमोर.

"टर्न लेफ्ट, प्लीज," साहेब म्हणाला.

"माय लेफ्ट ऑर शिप्स लेफ्ट?" मित्राने विचारलं.

आणि हेडफोनमधून आवाज आला, "अरं वळीव की लेका! डोळं फुटलं काय तुझं?"

दोन विनाशिका एकमेकींवर आदळल्या, पाणबुडी निसटली, मागे तेलाचं एक जहाज पेटलं. कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

नवऱ्याने घसा साफ केला. "काका?"

"तुम्ही मराठी?" साहेबाने विचारलं.

"हो."

"अरे देवा! मला वाटलं तुम्ही ब्राझीलचे!"

काका सांगलीचे निघाले. ऐन तरुणपणी शिकायला अमेरिकेत आले, केमिकल इंजिनियर म्हणून नोकरी केली, आणि आता रिटायर होऊन न्यू जर्सीत आयसेलिनजवळ राहत होते. 'माय डिअर फेलो' हे त्यांनी पहिल्या बॉसकडून उचललं होतं. बॉस पोलंडचा होता.

त्यानंतर नवऱ्याचं सगळं बिनसलं. अनोळखी इंग्रजाला वाटेल ते लिहिता येतं, काकांना कसं लिहिणार? त्याच्या पोस्टची धारच गेली. मराठीत वाद घालायला गेला की गाडी अशी अडखळायची, "काका, सॉरी हं, राग मानू नका, पण तुमचं म्हणणं साफ चूक आहे हो." काका शांतपणे म्हणायचे, "बाळ, तुझा अभ्यास कच्चा आहे." मग मागून काकूंचा आवाज यायचा, "पोराला जेवू द्या आधी."

शेवटी काकांनीच तोड काढली. त्यांनी हिवाळाभर खपून बिस्मार्कचं मॉडेल केलं होतं, चांगलं हातभर लांब. जुलैत ते दोघं बॉस्टनला मुलीकडे जाणार होते, श्रूजबरी वाटेवरच. आमच्या अपार्टमेंटला स्विमिंग पूल होता. "प्रयोग करू," काका म्हणाले. "मी केमिकल इंजिनियर आहे. पुराव्याशिवाय बोलत नाही."

ते आले तेव्हा मॉडेल काकूंच्या मांडीवर होतं, शालीत गुंडाळलेलं. "पूर्ण रस्ता हिला सांभाळत आणलीय," काकू म्हणाल्या. "मुलगी लहान असताना तिलासुद्धा यांनी एवढं जपलं नव्हतं." सोबत श्रीखंडाचा डबा आणि खाकरे होते.

प्रयोगाचे नियम ठरले. मॉडेलच्या तळाला बूच होतं, त्याला दोरी बांधलेली. दोरी ओढून ती बुडाली तर जर्मनांचा विजय. त्याआधी टेनिस बॉलने बुडाली तर इंग्लंडचा. इंग्लंडचा तोफखाना म्हणून दादरच्या मित्राची नेमणूक झाली, कारण तो कॉलेजात क्रिकेट खेळायचा असं त्यानेच सांगितलं होतं.

त्याचा पहिला बॉल झुडपात गेला. दुसरा पलीकडे खुर्चीवर पडलेल्या एका गृहस्थाच्या लेमोनेडमध्ये. तिसऱ्या बॉलला अपार्टमेंटची मॅनेजरबाई आली. काकांनी उभं राहून तिला 'माय डिअर लेडी' म्हणत सगळा इतिहास समजावला. तिने ऐकून घेतलं, घड्याळ बघितलं आणि एक खुर्ची ओढून बसली.

पुढचे बरेच बॉल बिस्मार्कला लागले. ती नुसती डुलत राहिली.

"बघा!" नवरा ओरडला. "नाही बुडत माऱ्याने! आता आमची पाळी." त्याने दोरी ओढली. बूच निघालं. आम्ही सगळे काठावर ओणवे होऊन बघत राहिलो. बिस्मार्क बोटभर खाली गेली आणि तिथेच थांबली.

"काका, हिच्या आत काय आहे?"

काका जरा वरमले. "थर्माकोल."

"थर्माकोल?"

"मग काय? इतकी मेहनत केली, आणि पहिल्याच आंघोळीला बुडू देऊ होय?"

नवऱ्याने रागाने पूल साफ करायची लांब जाळी उचलली आणि बिस्मार्कला काठावर ओढायला वाकला. फरशी ओली होती. तो कपड्यांसकट, बुटांसकट, बरोबर बिस्मार्कवर पडला. वर आला तेव्हा त्याच्या एका हातात तिची डोलकाठी होती आणि आजूबाजूला पांढरे दाणे तरंगत होते.

कुणी हसेना. हिवाळाभराची मेहनत होती ती. काका काठावर उभे राहून त्या तुकड्यांकडे बघत होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरून पुढे झाले, तर ते हसत होते, इतके की काकूंना त्यांना धरून खुर्चीत बसवावं लागलं. मॅनेजरबाई म्हणाली, ड्रॉ झाला, आणि आता ते सगळे दाणे वेचा.

दाणे वेचून आम्ही जेवायला बसलो. पानात श्रीखंड वाढता वाढता काकूंनी विचारलं, "त्या खऱ्या जहाजावर माणसं किती होती हो?"

"दोन हजारांच्या वर," काका म्हणाले. "अगदी थोडी वाचली."

काकूंनी श्रीखंडाचा चमचा डब्यात परत ठेवला. मग नवऱ्याने वाटी पुढे केली आणि काकूंनी त्याला आणखी श्रीखंड वाढलं.

काकांनी परत गेल्यावर प्रयोगाचा अहवाल प्रामाणिकपणे वेबसाइटवर टाकला, अर्धविरामांसकट. शेवटचं वाक्य होतं की उपलब्ध पुराव्यावरून बिस्मार्क नागपूरने बुडवली असं दिसतं. त्यावर इंग्लंडमधल्या एका खऱ्याखुऱ्या म्हाताऱ्याने विचारलं की नागपूरच्या आरमाराबद्दल कुठे वाचायला मिळेल. नवऱ्याने त्याला चांगलं दोन पानी उत्तर लिहिलं. त्याचं इंग्रजी मीच तपासून दिलं, आणि त्यातलं एक अक्षरही खरं नव्हतं.