पायाळूच्या पायातली वीज

"हात काढा! आधी त्यांच्या पायावरचा हात काढा तुम्ही!"

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई माझ्या मेहुण्यावर ओरडत होत्या. मी तपासणीच्या टेबलाच्या कडेला बसलो होतो आणि मेहुणा बसवराज माझा उजवा पाय दोन्ही हातांत धरून हिसका द्यायच्या तयारीत उभा होता. मोबाइलवर हाडं कडाकड वाजवायचे व्हिडिओ बघून बघून तो अर्धा डॉक्टर झाला होता. बाई येईपर्यंत थोडं काम आपणच उरकून ठेवावं, असं त्याला वाटलं.

त्याने घाबरून पाय सोडला. पाऊल ओल्या फडक्यासारखं खाली लोंबायला लागलं.

बाईंचा आवाज एकदम खाली आला. "आप्पा, या पायातली चप्पल कुठंय?"

मी खाली बघितलं. डाव्या पायात चप्पल होती. उजव्यात नव्हती. माझी बायको गंगा बाहेर गेली आणि हातात चप्पल घेऊन आली. रिक्षा जिथं थांबली होती, तिथं रस्त्यावरच पडली होती म्हणे. म्हणजे तापलेल्या डांबरावरून, खडीवरून मी अनवाणी चालत आलो होतो आणि मला पत्ताच नव्हता. तळव्याला दोन खडे रुतले होते. गंगाने ते नखाने काढले. तेही मला कळलं नाही.

"अंगठा वर उचला," बाई म्हणाल्या.

मी उचलला. म्हणजे डोक्यात उचलला. अंगठा होता तिथंच पडून राहिला, जसा काही तो शेजाऱ्याचा होता.

बाईंनी दोन नावं सांगितली. एक सायटिका, म्हणजे कमरेपासून पायात उतरणारी जाड नस दबल्यामुळे होणारं दुखणं. ते मला ठाऊक होतं. दुसरं फूट ड्रॉप. म्हणजे नस इतकी दबते की पाऊल वर उचलण्याची ताकदच जाते. आणि तो पाय साधासुधा नव्हता. तो मुखेडच्या पायाळू आप्पाचा उजवा पाय होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. आमच्याकडे मानतात की पायाळू माणसाने पाठीत हलकी लाथ मारली की भरलेली उसण निघते. मुखेडच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे, पण निम्मी गिऱ्हाइकं भांडी बघायला यायची आणि पाठ करून उभी राहायची. मी गल्ल्यावरून उठायचो, लाथ द्यायचो, परत बसायचो. एका फौजदाराची कंबर मी अशी बसवली की बदली होईपर्यंत तो कुणापुढे वाकला नाही. माझ्या लाथेनंतर एक म्हातारा देगलूरपर्यंत एसटीच्या पुढे पळत गेला, असंही लोक सांगतात. मी फक्त खोडून काढलं नाही.

पायाळूवर वीज पडते असंही आमच्याकडे म्हणतात. म्हणून आभाळ गडगडलं की गंगा मला दाराबाहेर पाऊल टाकू देत नाही. पण माझ्यावरची वीज आभाळातून आलीच नाही. पितळी घंगाळ उचलायला वाकलो आणि ती कमरेतूनच निघाली. कुल्ल्यातून, मांडीच्या मागून, पोटरीतून थेट अंगठ्यात. शिंकलो की पडायची, खोकलो की पडायची. संडासला बसायचं म्हणजे मला युद्धावर गेल्यासारखं वाटायचं.

दवाखान्यात जा, असं गंगा पहिल्या दिवसापासून म्हणत होती. पण मुखेडात पायाळू आप्पा कंबर धरून डॉक्टरच्या रांगेत बसला असता तर उद्या माझ्याकडे कोण पाठ करून उभं राहिलं असतं? मी दुकानात उभ्यानेच जेवायचो आणि लोकांना सांगायचो की बसून खायचं नाही असा उपास धरलाय.

स्वतःची लाथ स्वतःच्या पाठीत बसत नाही. शेवटी मेहुण्याने, आमच्या बसूनेच तोड काढली. "दाजी, देगलूरला एक बाई हाय पायाळू. लई जोरात हाय तिचं. तुमच्यापेक्षा मोठी हाय." ते शेवटचं वाक्य मला झोंबलं, पण गेलो.

नरसम्मा नावाची ती बाई घराच्या खांबाइतकी उंच होती आणि तिचं पाऊल परातीएवढं होतं. मराठी-तेलुगू मिसळून बोलायची. भिंतीला हात टेकवून उभं राहा म्हणाली आणि "कदलकू" म्हणाली, म्हणजे हलायचं नाही. मी जन्मभर ज्या गोष्टीत उस्ताद, तिच्यात पहिल्यांदाच पाठमोरा उभा होतो. मग लाथ बसली.

मी हलकी द्यायचो. ही हलकी नव्हती.

आणि काय सांगू, तिसऱ्या दिवशी दुखणं गेलं. वीज बंद. मी बसलो, वाकलो, शिंकलो, काही नाही. गल्लीत पेढे वाटले. नरसम्माला साडी पाठवली. मेहुणा छाती काढून फिरायला लागला.

फक्त चालताना उजवं पाऊल फरशीवर पट्‌कन आपटायचं. गंगा आत स्वयंपाक करायची आणि तो आवाज ऐकत राहायची. "असा का आवाज हाय तुमच्या पायाचा?" ती विचारायची. चप्पल सैल झाली, असं मी सांगायचो. नवी घेतली. तीही सैल झाली.

उंबऱ्याला अडखळून पडलो, तेव्हा बसूने मोबाइलवरचे व्हिडिओ दाखवले आणि आम्ही लातूरला या कायरोप्रॅक्टर बाईंकडे आलो. कायरोप्रॅक्टर म्हणजे मणक्याचे आणि सांध्यांचे आखडलेले भाग हाताने मोकळे करणारे. एकदा कडकन वाजवलं की झालं, अशी आमची समजूत.

बाईंनी वाजवलं नाही. पाठीला हातसुद्धा लावला नाही. त्यांनी विचारलं, दुखणं कधी गेलं? मी मोठ्या ऐटीत नरसम्माची सगळी कथा सांगितली. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आप्पा, लाथेनं झालं की आधीच होणार होतं, ते मला सांगता येणार नाही. पण दुखणं गेलं म्हणजे नस बरी झाली असं नाही. कधी कधी नस इतकी दबते की ती ओरडायचंच सोडून देते."

ज्या दिवशी मी पेढे वाटले, त्या दिवशी माझा पाय गप्प झाला होता.

मग त्यांनी बायकोसमोरच विचारलं की लघवी आलेली कळते का, अडते का, सायकलच्या सीटला जो भाग टेकतो तिथं बधिर वाटतं का. एरवी मी चारचौघांत काहीही बोलणारा माणूस, पण मान खाली घातली. कळत होती. बधिरही नव्हतं. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. यातलं एकही सुरू झालं तर तासाचाही उशीर करायचा नाही, असं त्यांनी गंगाला बजावलं. हे वाचणाऱ्यांनो, तुम्हालाही तेच सांगतो. लाजू नका, आणि पेढे तर वाटूच नका.

नांदेडच्या एका मणक्याच्या सर्जनना त्यांनी फोन लावला. आजच जा म्हणाल्या. अहमदपूर, लोहा, सगळा रस्ता गाडीत मी अंगठ्याकडे बघत होतो. हल म्हणत होतो. गंगाने माझं पाऊल मांडीवर घेतलं होतं. तिचा हात त्यावर होता हे मला दिसत होतं. जाणवत नव्हतं.

एमआरआय म्हणजे चुंबकाने शरीराच्या आतले फोटो काढणारं यंत्र. एका बोगद्यात सारतात आणि नांदेडमधले सगळे ढोलताशे कानाशी वाजवतात. हलायचं नाही, असं तिथल्या माणसाने सांगितलं. मला देगलूरची भिंत आठवली. आत डोळे मिटून मी देवाला एवढंच म्हणालो की लोकांच्या पाठीवर आजवर पाय ठेवला, तो काही मस्तीत ठेवला नव्हता. म्हणजे थोडी मस्ती होती.

बाहेर बाकड्यावर बसलो तर कंबर धरलेला एक माणूस एकटक बघायला लागला. जवळ आला. "मुखेडचे पायाळू आप्पा ना तुम्ही? देवच भेटला. आता इथं आलाच हाव, तर एक हलकी देऊन टाका ना." आणि पाठ करून उभा राहिला. लोक बघायला लागले. मी उठलोच नाही. जे पाऊल उचलत नाही, त्याने लाथ कशी देणार? बसू पुढे झाला आणि म्हणाला, "आप्पा आज उपासाला हायत." माझी थाप त्याने मलाच ऐकवली, पण त्या घडीला मला ती फार गोड वाटली.

सर्जननी फोटो उजेडासमोर धरला. दोन मणक्यांच्या मधल्या गादीचा एक तुकडा सुटून नसेवर बसला होता. डिस्केक्टॉमी करावी लागेल म्हणाले, म्हणजे तेवढा तुकडा काढायचा. उद्या सकाळीच.

"मग पाऊल उचलेल ना साहेब?"

"नस मोकळी करणं माझ्या हातात आहे. ती परत जागी होणं नाही. होईल कदाचित. अर्धवटही होईल."

आयुष्यात मी पहिल्यांदा काही फुगवून सांगू शकलो नाही. जे होतं तेच फार मोठं होतं.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आलो तर सर्जन पायाशी उभे. "अंगठा." मी जोर लावला. नाही. दुसऱ्या दिवशी, "अंगठा." नाही. ते एवढंच म्हणायचे आणि पुढच्या खाटेकडे जायचे. बुटांचा आवाज आला की मी आधीच अंगठ्याला जोर लावायला लागायचो. परीक्षेत नापास व्हायचं ते पण रोज, आणि एकाच प्रश्नात.

पाऊल वर धरणारा प्लॅस्टिकचा पट्टा बांधून घरी सोडलं. टाके सुकल्यावर आणि सर्जननी परवानगी दिल्यावर लातूरच्या बाईंकडे परत गेलो. त्यांनी आखडलेला कुल्ला, गुडघा, घोटा हळूहळू मोकळा केला, तोल सांभाळायला शिकवलं, पडल्या-पडल्या करायचे व्यायाम दिले. एकदाही कडकन आवाज झाला नाही. बसूचा पार हिरमोड झाला. हाडं वाजवणं हे कामाचं शेपूट आहे, कुणाला हात लावायचा नाही हे कळणं डोकं आहे, असं बाई त्याला म्हणाल्या. त्या पहिल्या दिवशी त्यांनी हात लावला नाही, म्हणून मी आज त्यांना हात जोडतो.

दुकानात आता कुणी पाठ करून उभं राहिलं की मी खुर्ची पुढे करतो. आधी विचारतो, पाय बधिर आहे का, चप्पल निसटते का, लघवी कळते का. लोक नाराज होतात. एकाने तर आप्पाला शहराची हवा लागली म्हणून दुसऱ्या दुकानातून घागर घेतली. घेऊ दे.

अंगठा हलला तो एका दुपारी, दुकानाच्या मागच्या खोलीत. तांदळाच्या दाण्याएवढा. मी एवढ्या जोरात ओरडलो की समोरच्या हॉटेलात चहा सांडला म्हणतात. गंगा धावत आली. मी परत हलवून दाखवला. ती खाली बसली आणि तिने पाऊल हातात घेतलं. तिच्या बोटांचा दाब मला जाणवला. पुसट, जाड कापडाआडून जाणवावा तसा, पण जाणवला.

पायात पूर्ण ताकद परत येईल की नाही ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. पण या सगळ्यात ती एकदाही रडली नव्हती, आणि माझं विचारायचं राहून गेलं होतं. तेव्हा विचारलं, तुला कधी भीती वाटली नाही का गं?

"वाटायची ना. रोज वाटायची," ती म्हणाली. "पाय सरळ करा, पट्टा बांधायचा हाय."