पोळ्याच्या रंगातली लॅम्ब्रेटा

जुन्या जालन्यात भुसार दुकानांच्या मागच्या बोळात सांडूचं वायरिंगचं दुकान होतं. दुकान कसलं, टपरीच. गिऱ्हाईक त्याच्या बिलापेक्षा त्याच्या तोंडाला जास्त भ्यायचं. कोणी 'जल्दी करा' म्हटलं की हातातला पाना खाली ठेवून सांडू म्हणायचा, "मंग दुसरीकडं न्या ना. मी काय तुमचा हात धरून राह्यलो का?" असा तिरसट माणूस. तरी जुन्या स्कूटरचा दिवा गेला की लोक निमूट त्याच्याकडेच यायचे.

दुकानाच्या सावलीला पोत्यावर त्याची आई बसलेली असायची, आसराबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. डॉक्टर म्हणाले होते, साधं ऑपरेशन आहे, करून घ्या. म्हातारी मान हलवायची. "देवीनं देल्ली सजा डॉक्टर कसा काढीन?" हे ऐकलं की सांडूच्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्यावर दर नवरात्रात म्हातारी हळूच एक सवाल टाकायची, तो तर त्याला बिलकुल सोसायचा नाही. "खरं सांग रे सांडू. तू घेतली व्हती का ती तार?"

ती तार म्हणजे काय भानगड, ते सांगायला चौऱ्याऐंशीच्या पोळ्यापर्यंत मागं जावं लागेल.

सांडू तेव्हा पिंपळगाव रेणुकाईत काकासाहेबांकडे सालगडी होता. काकासाहेब गावातले मोठे जमीनदार. त्यांनी ट्रॅक्टर घेतला, बैल विकले आणि पोळ्याला रंगवायला दावणीला काही उरलं नाही. माणसानं गप बसावं की नाही? हे कुठले बसायला! शिंगांना लावायचा रंग आणला आणि आपली लॅम्ब्रेटा स्कूटरच रंगवायला काढली. एका पोळ्याला हिरवी, पुढच्या पोळ्याला पिवळी. ब्रश दुसऱ्याच्या हातात द्यायचे नाहीत. वर हँडलला गोंडे, सीटवर झूल आणि पुरणपोळीचा घास चक्क हेडलाइटपुढं! लोक उपरण्यात तोंड खुपसून हसायचे, पण समोर बोलायची कोणाची टाप नव्हती.

त्या वर्षी रंग तांबडा होता. वेशीत तोरणाखाली सगळ्या गावचे बैल उभे, आणि त्यांच्या पुढं काकासाहेब लॅम्ब्रेटावर. पोळा फुटायची वेळ झाली. काकासाहेबांनी ऐटीत हॉर्नचं बटण दाबलं. हूं नाही की चूं नाही. दिव्याची कळ फिरवली. तोही नाही. इंजिन मात्र खाली फटफटून राहिलेलं. आधी पोरं हसली, मग बाया हसल्या, मग सगळी वेस हसली. काकासाहेबांचं तोंड गाडीपेक्षा तांबडं झालं.

"सकाळी गाडी कोणी पुसली?" ते ओरडले. "सांड्यानं! आतली तांब्याची तार काढून मोडीत घातली हरामखोरानं!"

झालं. कोणी आत उघडून पाहिलं नाही, काही नाही. धरला आणि बडवला. आसराबाई धावत आली, पायाशी लोळली. तेव्हा काकासाहेब म्हणाले, "एवढी खात्री हाये ना, आसरे? मंग घे शपथ, उचल देवीचा भंडारा."

आईनं रेणुकेच्या देवळाच्या पायरीवर हळदीचा भंडारा मुठीत घेतला आणि गावादेखत म्हणाली, "माझ्या लेकरानं तार घेतली असंल तर माझे डोळे जातील." भंडारा उचलला की वाद मिटला, ही गावाची रीत. काकासाहेबांनी तीसुद्धा पाळली नाही. म्हणाले, "देवी काय ते बघून घेईन. उद्यापासून माझ्या बांधाला दिसू नका." मायलेक जालन्याला आले. सांडू एका मिस्तरीच्या हाताखाली वायरिंग शिकला. मुद्दाम तेच शिकला. आणि काही वर्षांनी म्हातारीचे डोळे खरंच मावळायला लागले. बाजाराला आलेली गावची माणसं हळहळायची, "खोटा भंडारा भोवला बाईला." ऐकून ऐकून तिलाही तसंच वाटायला लागलं, यापेक्षा वाईट काय असणार?

आता नव्याण्णव साल. एका दुपारी टपरीपुढं टेम्पो थांबला आणि त्यातून एक जुनाट लॅम्ब्रेटा उतरली. सोबत शर्टपँटमधला एक तरणा गडी.

"गोठ्यात गवताखाली पडून होती," तो म्हणाला. "आमच्या आबांची. दिवा-हॉर्न कधीपासून बंद हाये. माझ्या लग्नाची वरात हिच्यावरून काढायचीय."

सांडूनं गाडीकडे पाहिलं. पत्र्यावर वर तांबडा, टवका उडाला तिथं खाली पिवळा, त्याच्याखाली हिरवा. हा म्हणजे काकासाहेबांचा लेक सर्जेराव! तेव्हा एवढंसं कार्टं होतं; याला ओळख कुठली असणार?

"करतो," सांडू म्हणाला. "पण न्यायला तुझ्या आबाला पाठीव. मालकाच्याच हाती गाडी देईन."

सर्जेराव गेला आणि सांडूनं गाडी उघडायला घेतली. हेडलाइटच्या रिंगणाचा स्क्रू पाहून तो थबकला. बाकी सगळ्या स्क्रूंच्या खाचांत तांबडा रंग अखंड होता, फक्त त्या एका स्क्रूच्या खाचेतला उडाला होता आणि तिथं जुना गंज धरला होता. म्हणजे रंग दिल्यावर कोणीतरी हा उघडला होता. आजकालचा नाही, फार पूर्वी. सांडूनं तर कधी पेचकस लावला नव्हता. त्याला गाडी पुसायचीच तेवढी मुभा होती.

रिंगण निघालं. आत सगळ्या तारा जागच्या जागी. काळी, हिरवी, तपकिरी. एकही तुटलेली नाही की काढलेली नाही. सांडूला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. पंधरा वर्षं या तारांनी त्याची इज्जत खाल्ली होती, आणि त्या इथं मजेत बसल्या होत्या!

मग दिवा का नाही? त्यानं खालपर्यंत तपासत नेलं. स्कूटरला वीज तारेनं बल्बापर्यंत जाते, पण परतीची वाट गाडीच्या लोखंडातूनच असते. तिला मिस्तरी लोक अर्थ म्हणतात. अर्थाची तार चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, एका बोल्टानं कसलेली असते. तो बोल्ट काकासाहेबांनी त्या वर्षी रंगवताना खोलून काढला होता, कारण खालचा कोपरासुद्धा तांबडा व्हायला पाहिजे ना! तिथं शिंगाचा जाड रंग थापला आणि तारेचं टोक वरून कसून टाकलं. तार लोखंडाला लागलीच नाही. परतीची वाट बंद. दिवा नाही, हॉर्न नाही. आणि चोर कोण, तर सांडू!

त्याला नवी वायरिंग टाकता आली असती. टाकली नाही. वरचं आवरण तडकलेल्या जुन्या तारांना जिथं नागवं तांबं दिसलं तिथं टेप गुंडाळला, वीज तयार करणारा मॅग्नेटो काढून साफ केला, इंजिन चालू करून पाहिलं. बोल्ट मात्र तसाच रंगात ठेवला.

काकासाहेब आले. धोतर, टोपी, तोच ताठा. सोबत सर्जेराव. सांडूला पाहून त्यांचा चेहरा उतरला, पण लगेच सावरून म्हणाले, "असं व्हय? तू हायेस का? झालं असंल तर दे, जायचंय मला."

"झालं न्हाई, मालक. तुमच्या म्होरंच करतो." सांडूनं किक मारली. इंजिन लागलं. दिवा नाही. मग त्यानं बोल्ट सोडला, पॉलिश पेपरनं रंग खरवडला, पांढरं लोखंड दिसल्यावर तारेचं टोक कसलं. परत किक. भर दुपारी हेडलाइट लागला, आणि हॉर्न असा कोकलला की शेजारचा कापडवाला बाहेर आला.

"ह्याच तारा, मालक. ज्या मी मोडीत घातल्या व्हत्या."

काकासाहेब म्हणाले, "मंग मला काय ठाव? मी काय मिस्तरी हाये?"

"ह्यो स्क्रू कोणी उघडला?" सांडूनं त्यांचं बोट धरून त्या खाचेवर ठेवलं. "रंग दिल्यावर उघडला. कोणी?"

बोट मागं घ्यायला ते धडपडले, पण सांडूनं सोडलं नाही. सर्जेराव म्हणाला, "आबा, सांगा की."

"मी!" काकासाहेब खेकसले. "त्याच सांजंला. तारा बराबर व्हत्या. पण तवर भंडारा उचलून झाल्ता. आता गावाला काय सांगू, मी चुकलो म्हणून? सालगड्याच्या पायी?"

"म्हणून गाडी गोठ्यात घातली!" सर्जेराव म्हणाला. "मिस्तरीला दाखवली असती तर त्यानं सांगितलं असतं. आणि मी लहानपणी इथल्या बाजारात या म्हातारीच्या मागं 'तारचोराची माय' म्हणत पळालो. तुम्ही बघत होते, आबा. हसत होते."

त्यानं गाडीवर टांग टाकली. काकासाहेब मागं बसायला सरसावले. "तुम्ही एसटीनं या," तो म्हणाला, "मी आधी गावात सांगतो," आणि दिवा चालू ठेवून निघून गेला. काकासाहेब रस्त्यात उभे राहिले. सांडू त्यांच्या अंगावर गेला, "चाल निघ, माझ्या दुकानाची सावली सोड!" आणि ते गेलेही.

पोत्यावरून आसराबाई म्हणाली, "सांडू, त्यो उजेड मला दिसला रे. पांढरा पांढरा. ने मला आता डोळ्याच्या दवाखान्यात. देवीची सजा न्हाई ती."

खरं तर सांडूनं खूश व्हायला पाहिजे होतं. पण पंधरा वर्षांचा राग काकासाहेबांवर संपला नव्हता, तो उसळून आईवर आला. "तुला आत्ता खरं वाटलं? त्यो थेरडा बोलला तवा? मी दरसाल सांगून राह्यलो ते खोटं व्हतं?"

म्हातारीनं हात पुढं करून चाचपडत त्याचं काळं मनगट धरलं.

"तुला ठाव व्हतं तू घेतली न्हाई. मला ठाव न्हवतं, बाबा. तरी मी भंडारा उचलला."

खाली पडलेला तांबड्या रंगाचा चुरा सांडू उगाच फडक्यानं पुसत राहिला.