करडईवाला राजा

चांदी मोडीत आली की आमचे शेजारी सोनारआबा ती आधी कपाळाला लावत, मग उलटी करून बघत. नाणं असलं आणि मागे करडईचं फूल निघालं की म्हणत, "हे न्हाई मोडायचं." गिऱ्हाइकाला वजनाला वजन दुसरी चांदी देत.

हिंगोलीच्या छावणीतल्या कुण्या साहेबाची जुनी नाणी तो मेल्यावर लिलावात निघाली होती आणि कडी लावून आसपासच्या बायकांच्या गळ्यात गेली होती. आबांनी त्यातली तीन मिळवली होती. एका बाजूला चिलखतातला राजा, दुसऱ्या बाजूला तीन बोंडं आणि वर मुकुट.

मी शाळेत इंग्रजी शिकवायचो. भिंगाखाली अक्षरं लावून सांगितलं, "आबा, हा स्कॉटलंडचा राजा, साडेतीनशे वर्षांपूर्वीचा. ही करडई नाही, तिकडचं रानफूल आहे."

"काटे हायेत ना? मग करडईच. रानफुलाला कोन मुकुट घालतंय, मास्तर?"

राजा शेतकरीच ठरला.

चौथं नाणं साखरा गावच्या एका धनगरणीच्या गळ्यात होतं. ती बाजाराला आली की आबा चहा पाजून दुप्पट चांदी देऊ करत. ती हसून पदर सावरायची. "मालकानं घातलंय, आबा. काहून मागं लागून राहिले?"

एकदा ती आपणहून नाणं घेऊन आली. नवरा गेला होता. त्याचा टाक, म्हणजे देवघरात पुजायची चांदीवर कोरलेली प्रतिमा, करायचा होता. आणि टाकाला घरचीच चांदी लागते. आबांनी दुसरी चांदी पुढे केली. ती म्हणाली, "परक्या चांदीत त्यो कसा येईल?" आणि नाणं ठेवून बाजाराला गेली.

आबा नाणं हातात घेऊन बसून राहिले. माझ्या मनात आलेलं त्यांनी ओळखलं. "बदललं तर तिला कळायचं न्हाई, मास्तर. पर त्याला कळंल."

मग त्यांनी कानस उचलली. राजा घासून काढला आणि तिथं काठी टेकून उभा, घोंगडीतला धनगर कोरला. मागचं फूल मात्र तसंच ठेवलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मलाही फार वाईट वाटलं.

निजामाचं राज्य गेलं त्याच वर्षी आबाही गेले. मुलाने घरच्या तीन नाण्यांतलं एक काढलं, राजा घासला आणि त्या जागी आबा कोरले.

दसऱ्याआधी आबांच्या पत्नी, काकू, चिंचेनं टाक घासायला ओट्यावर बसत. मी दिसलो की आबांना अलगद उलटं करून म्हणत, "बघा मास्तर, करडई."

"करडईच," मी म्हणायचो.