पहिल्या कडव्यापुढे

सिंगापुरात बुकित तिमाहच्या आमच्या कॉन्डोत शेजारी एक अमेरिकन गृहस्थ राहायचे. मक्याच्या मुलखातले. तरुणपणी तिकडच्या छोट्या गावांतून, चर्चच्या तळघरांतून गिटार घेऊन स्वतः रचलेली गाणी म्हणत हिंडलेले. रेकॉर्डही निघाल्या होत्या. मग बायकोला इथल्या शाळेत नोकरी लागली आणि ते डिपेंडंट पासवर, म्हणजे तिच्या नोकरीच्या आधारावर मिळालेल्या परवान्यावर, तिच्यामागून आले. त्या पासवर पैसे घेऊन गाता येत नाही. गाणं घरातच राहिलं, आणि भिंत पातळ असल्यामुळे थोडं माझ्या वाट्याला आलं.

मागच्या वर्षी बायको गेली. त्यामुळे पासही संपणार होता, परत जावं लागणार होतं. त्या दिवसांत ते तिच्यावर एक गाणं म्हणायचे. पहिल्या कडव्यात ती दोघं पुलाउ उबीन बेटावर जायला निघालेली असतात आणि माणसं भरल्याशिवाय बोट सुटत नसते. मग शांतता. मी हातातलं काम टाकून वाट बघायचे. किती सुंदर थांबतो हा माणूस, असं वाटायचं. जाण्याआधी हे एकदा लोकांसमोर म्हणायचंय, असं ते लिफ्टमध्ये म्हणाले, म्हणून मी त्यांना फंक्शन रूममधल्या आमच्या गणपतीला बोलावलं.

आरतीआधी ते गायला बसले. पहिलं कडवं झालं आणि ते थांबले. तेवढ्यात पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी टाळ्यांचा ठेका धरला. झालं! सगळी खोली टाळ्या वाजवायला लागली, कुणीतरी झांजाही उचलल्या. मी डोळे वटारत होते, पण माझ्याकडे बघतो कोण? त्यांनी मान खाली घातली, गिटारवरचा हात जलद केला आणि बायकोच्या मरणाचं गाणं आरतीच्या लयीत संपवलं. "सो नाइस, ला," माझी मुलगी इथल्या ढंगात म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वर जाताना मी माफी मागायला लागले. त्यांनी मला थांबवलं.

"तिथून पुढे मला कधी म्हणताच आलं नव्हतं," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा शेवटपर्यंत गेलो."

सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या की त्याचा गळा दाटला होता, ते दिसत होतं की. मला मात्र इतके दिवस ऐकूनही कळलं नव्हतं.

ते गेले. शेजारी नवं बिऱ्हाड आलंय. मुलगी ते गाणं टाळ्या वाजवत झरझर म्हणते. घरात कुणी नसलं की मीही म्हणून बघते, त्यांच्या संथ लयीत. पहिल्या कडव्यापुढे जाता येत नाही.