राउटरचं टोपडं

इजिप्तमधल्या दमिएत्ता शहरात, तफीदाच्या घरात एखादी वस्तू उघडी दिसेल तर शपथ. टीव्ही, टेलिफोन, पाण्याचा जार, सगळ्यांना तिच्या हातची क्रोशाची टोपडी. नवरा गेला, मुलगा मुख्तार दोह्याला, मुलगी इब्तिहाल कॅनडात. सुई काही थांबली नाही. एकदा तिने राउटरलाही टोपडं विणलं, चांगलं घट्ट, वर फूल काढून. त्याच दिवशी इंटरनेट गेलं. राउटर मेला असंच सगळ्यांनी धरलं.

मुख्तारने नवा पाठवला. पांढरा गुळगुळीत डबा, ना बटण ना पडदा. सगळा कारभार मुख्तारच्या मोबाइलवरून. तिला लेकाचं केवढं कौतुक वाटलं होतं! मग इब्तिहालने भावाला न विचारता लग्न केलं आणि दर शुक्रवारी, जेवणं उरकून टॅबवर लेकीचा चेहरा उमटला रे उमटला की इंटरनेट जाऊ लागलं.

"तिच्याशी बोललीस की तुझं ब्लडप्रेशर वाढतं, आई," मुख्तार टेलिफोनवर सांगायचा. "तू आराम कर."

तफीदा भांडली, रडली, गयावया केली. डबा उलटासुलटा करून पाहिला. दाबायला काही असेल तर ना! स्वतःच्या घरात ती कोंडली गेली होती.

इब्तिहालला मुलगी झाली. टेलिफोनवर नातीचं रडणं ऐकू आलं, पण तोंड काही दिसेना. निदान बाळाला काही विणावं म्हणून तिने लोकरीचं कपाट उघडलं. तळाशी जुना राउटर, टोपड्यासकट. टोपडं ओढून काढलं तर फुलाची गाठ नेमकी एका बटणावर रुतलेली.

तिने नव्या डब्याच्या वायरी काढून जुन्याला जोडल्या. छोटा पडदा उजळला, त्यावर वायफायच्या खुणेवर काट. बटण दाबताच काट गेली. राउटर मेला नव्हताच. तिच्या फुलाने त्याचं नरडं दाबलं होतं. पडदा ते सांगत होता, पण त्याचंही तोंड तिनेच झाकलं होतं. तिने कपाळावर हात मारला.

टॅबला जुना पासवर्ड आठवत होता. तफीदाने नात डोळे भरून पाहिली.

तेवढ्यात टेलिफोन वाजला. "आई, राउटर बंद का दिसतोय?"

तिने ते टोपडं नव्या डब्यावर नीट चढवलं.

"झाकून ठेवलाय रे, धूळ बसायला नको. आणि ऐक, तुझी भाची टकली आहे. जन्मलास तेव्हा तू होतास ना, अगदी तशी."

मुख्तारने फोन ठेवला नाही. तिनेही ठेवला नाही.