कावळ्याने दिलेलं उत्तर

आता कोणत्या तोंडाने सांगू तुम्हाला, पण सांगतोच. नव्वदच्या दशकाची सुरुवात. पुण्यात एम.ए. करत होतो आणि अभ्यासाला विषय घेतला होता 'मृत्यू, शोक आणि कुटुंब'. आमच्या घरात तोवर कोणी गेलेलं नव्हतं, तरी शोकातलं माझ्याइतकं कोणाला कळतं? सर म्हणाले, "एका घरी जाऊन प्रश्नावली भरून आण, नाहीतर वर्ष गेलं."

मेसच्या काकूंनी सांगितलं, प्रवरेकाठच्या बेलापुरात त्यांच्या लांबच्या नात्यातले आबा वारलेत. मला आनंद झाला. हो, आनंदच. दहाव्याच्या आदल्या दिवशी फाईल घेऊन मी त्यांच्या दारात.

"आजी, मयताशी नातं?" आबांच्या बायकोला विचारलं.

"मालक हुते माझे."

"दुःख किती? एक ते पाचमध्ये सांगा."

"लई."

"लई म्हणजे चार की पाच?"

मी पाच लिहिलं.

हातात फाईल, तोंडी 'मयत', 'नातं'. थोरल्या मुलाला वाटलं, तलाठ्याचा माणूस वारसनोंदीला आलाय.

"आधी माझं नाव लिवा," तो म्हणाला.

धाकटा उठलाच. "का? म्या काय उपरा हाय व्हय?"

दोघांची जुंपली. मी मध्ये पडावं की नाही? मी लिहीत होतो, 'शोकाचे रूपांतर क्रोधात'. पुस्तकात अगदी असंच होतं.

दुसऱ्या दिवशी प्रवरेच्या काठी पिंड ठेवले. कावळा शिवेना. भाऊ हात जोडून म्हणाले, "आबा, आमी भांडनार न्हाई." शिवेना. "आईला अंतर देनार न्हाई." तरी शिवेना. ऊन चढलं. आजी रडायला लागली, "काय राह्यलं वो तुमचं?"

मी हळूच पेन काढलं. तेवढ्यात आजीचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"ह्या कागदवाल्यात जीव अडाकलाय त्यांचा. बाबा, तू बोल."

लोकांनी मला पुढे ढकललं. मी हात जोडले. "आबा, मी तलाठ्याकडचा नाही. कोणाचंच नाव लावायला आलेलो नाही. आणि तुमच्या घरी परत कधी प्रश्न विचारायला येणार नाही."

'येणार नाही' म्हणेस्तोवर कावळा पिंडावर.

पुण्यात सरांनी फाईल चाळली. "यात मनापासून उत्तर किती जणांनी दिलं?"

"एकानंच, सर. कावळ्यानं."