नागपूरहून हलणारी काच

दत्ताच्या देवळातून परतताना अवधपुरीचं वळण मागे पडलं, तरी प्रतिभा बोलेना. दर गुरुवारी पिपलानीहून चालत जायचं, हा दोघी शेजारणींचा नेम. एरवी तिची टकळी देवळाच्या पायरीवरसुद्धा थांबत नसे.

"आज मौनव्रत का गं?" वसुधाताईंनी विचारलं.

"यांची काच आली होती आज."

वसुधाताईंना कळलं. प्रतिभाच्या नवऱ्याच्या, यशवंतरावांच्या मानेतल्या गाठीचा तुकडा काचपट्टीवर घेऊन तपासायला दिला होता.

प्रतिभा उज्जैनची. लग्न होऊन इथे आली आणि एका इस्पितळाच्या तपासणी विभागात चिकटली. पूर्वी डॉक्टर तिच्या शेजारीच बसून मायक्रोस्कोपमधून बघत. ते निवृत्त झाले आणि नवं यंत्र आलं. आता काच ती ठेवते आणि नागपूरचे डॉक्टर तिकडून, कॉम्प्युटरवरून ती हलवतात. तिनं हात न लावता पडद्याकडे बघत बसायचं. "दुधावर लक्ष ठेवायला बसवलंय मला," असं ती हसून सांगायची.

"काही नसलं की काच भराभर सरकते, ताई. आज एका जागी थांबली. मोठं करून बघितलं. डॉक्टर पुढे गेले, पुन्हा तिथंच आले."

"मग?"

"मग मी माउस धरला आणि काच बाजूला सरकवली."

वसुधाताईंची पावलं थबकली. प्रतिभा चालतच राहिली.

"पडद्यावर डॉक्टरांचे शब्द उमटले. प्रतिभाजी, हात काढा. काढला. काच आपली आपण परत तिथंच गेली. त्यांना काय ठाऊक कुणाची ते. वर नुसता नंबर असतो."

भाजीवालीशी झालेलं बोलणं सांगावं, तसं तिनं सांगितलं.

"रिपोर्ट कधी?"

"सोमवारी."

'महाराज आहेत गं,' हे वसुधाताईंच्या ओठांवर आलं होतं. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी ते गिळलं. मुठीतली प्रसादाची पुडी घामानं ओली झाली होती.

क्वार्टरच्या फाटकाशी यशवंतराव मफलर गुंडाळून उभे होते. "आलात का? आम्ही म्हटलं, दत्तानं ठेवूनच घेतलं," ते लांबूनच म्हणाले.

प्रतिभानं वसुधाताईंचा दंड धरला.

"चहाला आत या, ताई. मी स्वयंपाकघरात जाते. हे काचेचं विचारतीलच. तुम्ही सांगा, प्रतिभा म्हणत होती, अजून आलीच नाही. माझा चेहरा त्यांना लगेच कळतो. आणि तुम्ही कधी खोटं बोलत नाही, हे त्यांना ठाऊक आहे."